कंपनीला माल विकायचाय? पहिल्या फोनपासून पेमेंट खात्यात येईपर्यंत काय काय करायचं

गेल्या महिन्यात ओळखीतला एक मुलगा शॉपवर आला होता. मेकॅनिकल डिप्लोमा, पाच वर्षं नोकरी, आता लोन काढून सीएनसी टर्निंग मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) घेतलंय, भोसरीत गाळा भाड्याने घेतलाय आणि मशीन दिवसातून जेमतेम चार तास चालतंय. म्हणाला दादा, काम मी चांगलं करतो, साइझ मायक्रॉनमध्ये देतो, पण ऑर्डर आणायच्या कशा तेच कळत नाही. दोन तास बोललो आम्ही, चहा तीनदा झाला, आणि तो गेल्यावर वाटलं की हे लिहूनच काढावं, कारण असे बरेच जण येतात आणि सगळ्यांना हेच विचारायचं असतं.

मी गेली सतरा वर्षं कंपन्यांना मशीन केलेले पार्ट देतोय, त्यामुळे उदाहरणं माझ्या धंद्यातली येतील. पण तुम्ही खोके विकत असाल, हाऊसकीपिंगची माणसं पुरवत असाल किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर विकत असाल तरी रस्ता साधारण हाच आहे.

आधी हे बघा की घेणारा नक्की कोण

दुकानात गिऱ्हाईक येतं, वस्तू बघतं, पैसे देतं, विषय संपला. कंपनीत घेणारा एक माणूस नसतो. निदान पाच जण असतात आणि प्रत्येकाची काळजी वेगळी असते, ती काळजी ज्याला ओळखता आली त्याचं निम्मं काम झालं.

परचेसवाल्याला रेट दाखवायचा असतो, वर्षाच्या शेवटी साहेब त्याला विचारणार की किती टक्के वाचवलेस. प्रॉडक्शनवाल्याला रेटशी देणंघेणं नाही, त्याला सकाळी सातच्या शिफ्टला पार्ट लाइनवर पाहिजे. क्वालिटीवाल्याला भीती असते की तुझा पार्ट लावला आणि पुढे कस्टमरकडून कंप्लेंट आली तर सही माझी आहे. स्टोअरवाल्याला मोजणी बरोबर आणि कागद पूर्ण पाहिजेत. आणि अकाउंट्सच्या मॅडमना तुमचं बिल त्यांच्या सिस्टीममध्ये न अडता बसायला पाहिजे, बस.

नवा माणूस काय करतो, तर फक्त परचेसवाल्याच्या मागे लागतो आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगतो, "सर आमचा रेट कमी आहे". अहो पण रेट ही पाचातल्या एकाचीच काळजी आहे! माझी पहिली मोठी ऑर्डर प्रॉडक्शनच्या एका सुपरवायझरमुळे मिळाली. त्यांचा जुना व्हेंडर दर पंधरा दिवसांनी माल उशिरा द्यायचा, आणि मी दोन वेळा रात्री अकराला स्वतः बाइकवर पिना नेऊन दिल्या होत्या. पुढे परचेसवाल्याने मला बोलावलं ते त्या सुपरवायझरने आत जाऊन सांगितलं म्हणून.

कुणाच्या दारात जायचं

चाकणला मोठ्या गाड्यांच्या कंपन्या आहेत, महिंद्रा आहे, बजाज आहे, फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे. नव्या माणसाला वाटतं थेट तिथेच जावं. जाऊ नका. म्हणजे स्वप्न ठेवा, पण पहिल्या वर्षी तिथे वेळ घालवू नका. या कंपन्या सहसा टियर-वनकडून घेतात, म्हणजे पूर्ण सीट, पूर्ण ब्रेक, पूर्ण वायरिंग बनवणाऱ्यांकडून. टियर-वन सुटे पार्ट टियर-टूकडून घेतात आणि टियर-टू आपलं टर्निंग, ड्रिलिंग, प्लेटिंग टियर-थ्रीकडून करून घेतात. एक-दोन मशीनवाल्याची जागा तिथे, टियर-टूच्या दारात. तिथे मालक स्वतः भेटतो, निर्णय आठवड्यात होतो, आणि सहा महिने बरं काम केलंत की तोच माणूस तुमचं नाव पुढे सांगतो.

यादी बनवा. तीस नावं पुरेत, तीनशे नकोत. आपल्या गाळ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतल्या कंपन्या, ज्यांच्याकडे आपल्या मशीनला बसेल असा पार्ट आहे. नावं कुठून मिळणार? एमआयडीसीच्या गल्ल्यांतून फिरा, खरंच फिरा, गेटबाहेर कुठल्या टेम्पोतून काय उतरतंय ते बघितलं तरी अर्धं कळतं. १९३४ पासून चालू असलेली मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था आहे, लघुउद्योग संघटना आहेत, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला प्रदर्शनं भरतात. इंडियामार्टवर नोंद करून ठेवा पण तिथून येणाऱ्या चौकशांमधली बरीचशी माणसं फक्त रेट विचारून गायब होतात, त्यावर दिवस काढू नका. सगळ्यात चांगली नावं मिळतात ती मटेरियल सप्लायरकडून आणि टूल-इन्सर्ट (मशीनवर धातू कापणारं पातं) विकणाऱ्याकडून, कारण कुठल्या कंपनीत काम वाढलंय आणि कुठे मशीन थंड पडलंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

आणि हो, आपल्याकडे भोसरी-पिंपरी-चाकण पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दुसऱ्या गावच्या एमआयडीसीत वेगळा वार असू शकतो, जायच्या आधी विचारून घ्या, नाहीतर गेटवरच्या वॉचमनशी गप्पा मारून परत यावं लागतं.

कागद आधी, फोन नंतर

समोरचा "या" म्हणाला की दुसऱ्या मिनिटाला व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्म पाठवतो. तेव्हा धावपळ नको म्हणून एका फोल्डरमध्ये हे सगळं तयार ठेवा: जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, कॅन्सल चेक, उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), मशीनची यादी (मेक, मॉडेल, कमाल डाय म्हणजे व्यास, आणि लांबी सकट), मोजमापाच्या साधनांची यादी आणि त्यांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, आणि केलेल्या पार्टचे सात-आठ नीट फोटो. नीट म्हणजे पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले, तेलकट हातात धरून काढलेले नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी साइटवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात होतं. एजंट हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. हा कागद पुढे पेमेंटच्या वेळी कामाला येतो, ते खाली सांगतो, पण काढायचा आत्ता.

आयएसओ ९००१ हे क्वालिटीचं सर्टिफिकेट लगेच पाहिजे का? टियर-टूकडे जाताना नसलं तरी बहुतेक ठिकाणी चालून जातं. वर चढायचं असेल तेव्हा घ्या, आणि गाड्यांच्या लाइनमध्ये थेट जायचं असेल तर आयएटीएफ १६९४९ हे गाड्यांच्या उद्योगाचं सर्टिफिकेट विचारतात. सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यासाठी काढू नका, त्यातली दोन कामं आजपासून करा: प्रत्येक ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर (ड्रॉइंग कितव्यांदा बदललंय तो) बघायची सवय, आणि प्रत्येक लॉटचा रिपोर्ट जपून ठेवायची सवय.

पहिला फोन आणि पहिली भेट

फोनवर कंपनी प्रोफाइल वाचून दाखवू नका. समोरच्याला दिवसातून असे दहा फोन येतात. मी असं बोलतो:

"सर नमस्कार, भोसरीहून बोलतोय, सीएनसी टर्निंग करतो, साठ डायपर्यंत. तुमच्याकडे बुश आणि पिना बाहेरून येतात असं कळलं. सध्या एखादा पार्ट लेट होतोय किंवा रिजेक्शन जास्त येतंय असं काही आहे का? ड्रॉइंग पाठवा, परवा संध्याकाळपर्यंत रेट देतो."

यात कोण, काय करतो, तुमचं काय अडलंय आणि मी कधी काय देणार, एवढंच आहे. परवा संध्याकाळ म्हणालात तर परवा संध्याकाळीच द्या, भले रेट जमत नसला तरी "सर हा आम्हाला जमणार नाही" असा मेल करा. बरेच जण नाही म्हणायला लाजतात आणि गप्प बसतात, आणि परचेसवाला नेमकं तेच लक्षात ठेवतो.

पहिल्या भेटीत जास्त ऐका. सध्या कोण देतंय हे विचारलं तर नाव सांगणार नाहीत, पण "सध्याच्या व्हेंडरचं काय आवडतं, काय बदललं तर बरं होईल" असं विचारलं की माणूस मोकळा होतो. पेमेंट किती दिवसांनी होतं, महिन्याची क्वांटिटी किती, मटेरियल कंपनी देणार की आपण आणायचं, ही तीन उत्तरं घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. जुन्या व्हेंडरबद्दल वाईट मात्र एक शब्द बोलू नका, उद्या तुमच्याबद्दलही कुणीतरी बोलेल हे समोरच्याला कळतं.

एका फोनवर काम होत नाही. माझा अनुभव असा की पहिल्या फोनपासून पहिली पीओ (परचेस ऑर्डर) यायला तीन ते आठ महिने लागतात. महिन्यातून एकदा फोन किंवा मेसेज, आणि दर वेळी काहीतरी सांगण्यासारखं असू दे, नवीन मशीन आलं, अमुक मटेरियलचं काम केलं, असं. "सर काही आहे का?" हा मेसेज कुणालाच आवडत नाही.

रेट काढणं, इथेच माणसं बुडतात

हा भाग नीट वाचा. त्या मुलाला मी कागदावर एक बुश काढून दाखवला, तोच इथे देतो. दर तुमच्या शॉपप्रमाणे बदलतील, पद्धत बघा.

पार्ट आहे ईएन-८ स्टीलचा बुश, म्हणजे आरपार भोक असलेला गोल तुकडा, बाहेरचा डाय ३८ मिलीमीटर, आतला २०, लांबी ५०. बार घ्यायचा ४० डायचा. वजन काढायची शॉपमधली पद्धत, डाय गुणिले डाय भागिले १६२, म्हणजे ४० गुणिले ४० भागिले १६२, मीटरला ९.८८ किलो. एका पार्टला ५० अधिक पार्टिंगचे (बारमधून कापून वेगळा करताना जाणारे) ३, म्हणजे ५३ मिलीमीटर, वजन झालं ५२४ ग्रॅम. मटेरियल ७५ रुपये किलो धरलं तर ३९ रुपये ३० पैसे. तयार पार्ट साधारण ३२२ ग्रॅमचा होतो, २०० ग्रॅम बुरादा निघतो, तो २८ रुपये किलोने गेला तर साडेपाच रुपये परत. मटेरियल पडलं सुमारे ३४ रुपये.

मशीन टाइम दोन्ही सेटिंग आणि लोडिंग-अनलोडिंग धरून साडेतीन मिनिटं. तासाचा दर ४०० धरला तर २३ रुपये ३० पैसे. पण मशीन तासभर सलग चालत नाही, इन्सर्ट बदलतो, ऑपरेटर पाणी प्यायला जातो, लाइट जाते. ८५ टक्के धरा, झाले साडेसत्तावीस रुपये.

३४ अधिक साडेसत्तावीस म्हणजे साडेएकसष्ट. नवा माणूस इथे थांबतो, त्यावर तीन-चार रुपये चढवून ६५ चा रेट देतो आणि खूश होतो की पार्टमागे चार रुपये सुटले.

आता राहिलेलं बघा. दोन टक्के रिजेक्शन, सव्वा रुपया. गंजरोधक तेल, पिशवी, खोका, टेम्पो, सव्वादोन रुपये. झाले ६५, म्हणजे जो रेट आपण दिला तेवढी तर नुसती कॉस्टच झाली! यावर गाळ्याचं भाडं, इन्स्पेक्शनचा माणूस, तुमचा स्वतःचा पगार आणि नफा मिळून १५ टक्के धरले तर पावणेपंच्याहत्तर. आणि पेमेंट ६० दिवसांनी येणार असेल तर वर्षाला १२ टक्के व्याजाने दोन महिन्यांचे दोन टक्के, म्हणजे दीड रुपया. रेट झाला ७६ रुपये २५ पैसे.

६५ आणि सव्वाशहात्तर. महिन्याला पाच हजार पार्ट असतील तर फरक ५६ हजार २५० रुपयांचा आहे, आणि हे पैसे कुणी चोरले नाहीत, आपण मागितलेच नाहीत.

परचेसवाला म्हणणार कमी करा, ते त्याचं कामच आहे, त्याचा राग धरू नका. पण नुसतं "बरं सर, दोन रुपये कमी" असं म्हणू नका, कारण मग त्याला वाटतं आधी फुगवून सांगितलं होतं. काहीतरी बदल्यात मागा. पेमेंट ३० दिवसांत करत असाल तर पाऊण रुपया कमी करतो. महिन्याची क्वांटिटी एकदम सोडलीत, पाच तुकड्यांत नाही, तर एक रुपया कमी, माझं सेटिंग वाचतं. मटेरियल तुम्ही द्या, मी फक्त जॉबवर्क करतो. असं बोललात की समोरच्याला कळतं की या माणसाला आपला हिशोब माहीत आहे, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याशी तसंच बोलतो.

कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहाच: रेट किती दिवस चालणार, मटेरियलचा धरलेला दर (तो वाढला तर रेट बदलणार), जीएसटी वेगळा, आणि पोचवण्याचा खर्च कुणाचा. स्टीलचा भाव वर जातो तेव्हा ज्याने बेस रेट लिहिलेला नसतो तो सहा महिने तोट्यात माल देत राहतो. मी दिलाय.

सॅम्पल

रेट जमला की सॅम्पल मागतात, पाच ते वीस नग. इथे घाई करू नका. ड्रॉइंगवरचं प्रत्येक मोजमाप नंबर टाकून मोजा, रिपोर्ट बनवा, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट जोडा. गाड्यांच्या लाइनमध्ये पीपीएपी नावाची फाइल मागतात, त्यात अठरा गोष्टी असतात, प्रोसेस फ्लो, कंट्रोल प्लॅन वगैरे. पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला सरळ सांगा की सर पहिल्यांदाच करतोय, एक भरलेला नमुना मिळेल का, बहुतेक जण देतात.

एखादं मोजमाप बाहेर गेलं असेल तर लपवू नका. तसंच लिहा आणि फोन करून सांगा. सॅम्पलच्या वेळी कळलेली चूक सगळ्यात स्वस्त असते.

पीओ आली की उघडून पूर्ण वाचा

पीओ आली की आनंदात तसाच बार कापायला घेतात. मी एकदा ८०० पिना जुन्या रिव्हिजनवर केल्या होत्या, पीओमध्ये रिव्हिजन तीन लिहिलेलं, माझ्याकडे दोनचं ड्रॉइंग, ग्रूव्ह एक मिलीमीटर सरकलेला. सगळा माल भंगारात गेला आणि दोष पूर्ण माझा होता.

म्हणून हे बघा: ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, रेट, क्वांटिटी, तारीख, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), पेमेंटचे दिवस आणि ते दिवस कधीपासून मोजणार (बिलाच्या तारखेपासून की माल स्वीकारल्यापासून, यात पंधरा दिवसांचा फरक पडतो), उशीर झाल्यास दंडाची अट आहे का, आणि रिजेक्ट माल परत आणायचा खर्च कुणावर. काही चुकीचं दिसलं तर त्याच दिवशी मेल टाका. तोंडी बोलणं झालं तरी संध्याकाळी "आज बोलल्याप्रमाणे" म्हणून दोन ओळींचा मेल, ही सवय लावून घ्या. परचेसची माणसं बदलतात, मेल राहतो.

माल गेटवर

नव्या माणसाला वाटतं माल बनला की काम झालं. कंपनीचं गेट हे वेगळंच प्रकरण आहे.

माझा टेम्पो पहिल्यांदा गेला तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेनऊला रांगेत लागला, सव्वाअकराला नंबर आला. गेटवरच्या काकांनी बिल बघितलं, पीओ नंबर बघितला, म्हणाले "टीसी कुठंय?" टीसी म्हणजे मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. मी म्हटलं काका मेल केलाय क्वालिटीला. "मेल मला दिसत नाही भाऊ, कागद पाहिजे." गाडी बाजूला. शॉपवर फोन, प्रिंट, मुलगा बाइकवरून घेऊन आला, तोवर बाराची जेवणाची सुट्टी, दोन वाजता आत. आत गेल्यावर स्टोअरवाले म्हणाले खोक्यावर लेबल नाही, पार्ट नंबर, क्वांटिटी, बॅच नंबर लिहा. तिथेच जमिनीवर बसून स्केचपेनने अठ्ठावीस खोक्यांवर लिहिलं.

तेव्हापासून आमच्या शॉपच्या दाराला एक यादी चिकटवलेली आहे, गाडी निघण्याआधी ड्रायव्हर आणि मी दोघं मिळून टिक करतो: बिलाच्या प्रती, पीओ नंबर, टीसी, पीडीआय रिपोर्ट (माल निघण्याआधी केलेल्या तपासणीचा), प्रत्येक खोक्यावर लेबल, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद). महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर जाणार असेल तर ५० हजारांच्या वर.

पॅकिंगला कमी लेखू नका. पावसाळ्यात साध्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेले पार्ट चार दिवसांत गंजतात, आणि गंज म्हणजे पूर्ण लॉट परत. गंजरोधक व्हीसीआय पिशवी पार्टमागे काही पैशांची पडते.

माल उतरला की जीआरएनचा नंबर घ्या, म्हणजे त्यांच्या सिस्टीममध्ये माल मिळाल्याची नोंद. तो नंबर नसेल तर अकाउंट्ससाठी तुमचा माल आलेलाच नाही.

आणि आता पेमेंट

विक्री पूर्ण झाली असं मी तेव्हाच म्हणतो जेव्हा पैसे खात्यात दिसतात. आधी हे बघा की किती पैसे अडकणार आहेत. वरचाच बुश, महिन्याला पाच हजार नग, ३ लाख ८१ हजार २५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ६८ हजार ६२५. बिल जवळपास साडेचार लाखांचं. बार आणायला पैसे आधी जातात, जीएसटी पुढच्या महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास भरायचा, आणि कंपनीचे पैसे ६० दिवस म्हणत पंच्याहत्तर-नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे तीन महिन्यांची बिलं, साडेतेरा लाख रुपये, कायम बाहेर फिरत असणार. एवढी ऑर्डर घेण्याआधी बँकेकडे कॅश क्रेडिटची सोय केली आहे का? नसेल तर पाच हजारांऐवजी दीड हजार नगांपासून सुरुवात करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पेमेंट अडण्याची कारणं बहुतेक वेळा छोटी असतात. माझं एक बिल चार महिने अडलं होतं कारण बिलावर ५,००० नग आणि स्टोअरच्या मोजणीत ४,९८०. वीस नगांसाठी पूर्ण बिल थांबलं. मी दर आठवड्याला परचेसला फोन करायचो, ते म्हणायचे होईल होईल. शेवटी अकाउंट्समध्ये जाऊन बसलो तेव्हा मॅडमनी स्क्रीन फिरवून दाखवली, क्वांटिटी मिसमॅच, डेबिट नोट पाहिजे, म्हणजे कमी नगांचे पैसे वजा केल्याचा कागद. स्टोअर आणि परचेसची सही घेतली, वीस नगांची डेबिट नोट झाली, सहाव्या दिवशी पैसे आले. तेव्हापासून मी जीआरएन झाल्यावर दोन दिवसांत अकाउंट्सला एक फोन करतो, पैसे मागायला नाही, "मॅडम बिल सिस्टीममध्ये बसलंय ना, काही कमी नाही ना" एवढं विचारायला.

जीएसटी रिटर्न वेळेवर भरा. महिन्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत गेलं नाही तर तुमचं बिल कंपनीच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या त्यांच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही, त्यांना त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, आणि मग ते पेमेंट थांबवतात, त्यात चूक आपलीच असते.

आता उद्यमचा कागद. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आयकराच्या बाजूने २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने ४३बी(एच) आणलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू, त्यानुसार असे उशीर झालेले आणि वर्षअखेर बाकी राहिलेले पैसे कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागायला लागले आहेत. उद्यम नंबर बिलावर छापा, आणि फेब्रुवारीत थकबाकीचं स्टेटमेंट मेल करा. एक खाच लक्षात घ्या, जो नुसती खरेदी-विक्री करतो अशा ट्रेडरला उद्यम मिळालं तरी उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण त्यात येत नाही, ते बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

उशिराच्या पेमेंटची सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. माझं मत विचाराल तर चालू कस्टमरवर ती करायच्या आधी दोन वेळा लेखी मागणी करा, मालकाला जाऊन भेटा. तक्रार केली की तिथला धंदा बहुतेक संपतो. पण ज्याने वर्षभर पैसे दिले नाहीत आणि फोन उचलणं बंद केलंय, त्याच्यासाठी बिनधास्त करा, तुमच्या घामाचे पैसे आहेत.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर ट्रेड्सबद्दल विचारा. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत, कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे आपल्याला लवकर मिळतात, पुढे वसुली कंपनीकडून. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. बऱ्याच ठिकाणी नोंदणी असते पण वापरत नाहीत, म्हणून आपणच विचारायचं.

सरकारी खरेदीसाठी २०१६ पासून जेम पोर्टल आहे, आणि केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची असा नियम आहे. तो वेगळा रस्ता आहे, टेंडर वाचायची सवय लागते, पहिल्या वर्षी त्यात शिरू नका असं मी सांगेन.

काम चालू झाल्यावर

रिजेक्शन येणारच. फोन आला की "आमच्याकडून बरोबरच गेला होता" हे पहिलं वाक्य नको. "सर मी दुपारी येतो, पार्ट बाजूला ठेवा" हे बोला आणि जा. माल आपलाच चुकीचा असेल तर आधी बदली माल द्या म्हणजे लाइन चालू राहील, कारण नंतर शोधा, आणि काय बदललं ते एका पानावर लिहून द्या. चूक झाल्यावर मी कसा वागलो यावरून मला जेवढं काम मिळालंय तेवढं चांगल्या पार्टवरून मिळालेलं नाही.

दिवाळीला डबा द्या, चहा पाजा, त्यात काही गैर नाही. पण कुणी रेटमागे पैसे मागितले तर नको. एकदा दिले की तो माणूस बदली होऊन गेल्यावर पुढचाही मागतो आणि रेटमध्ये ते कधीच बसत नाहीत.

एकाच कस्टमरवर निम्म्यापेक्षा जास्त धंदा राहू देऊ नका. सुरुवातीला राहतोच, इलाज नसतो, पण मशीन भरलेलं असतानाच आठवड्यातले दोन तास नव्या फोनसाठी ठेवा. मशीन रिकामं झाल्यावर केलेल्या फोनमध्ये आवाजातूनच गरज कळते आणि समोरचा रेट पाडतो.

त्या मुलाला जाताना मी तीस नावांचा कोरा तक्ता दिला, नाव, पार्ट, कोण भेटलं, पेमेंट किती दिवस, पुढचा फोन कधी. परवा त्याचा मेसेज आला, अकरा नावं झाली आहेत, चार ठिकाणी आत जाता आलं, एकाने ड्रॉइंग दिलंय, एका पिनचं. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी कॉस्टिंगचा कागद घेऊन येतोय, बघू त्याने पॅकिंग आणि व्याज धरलंय का.